रेषांमधला रेणू आणि रूपाचा प्रश्न

उसाच्या रसातली साखर आणि दुधातली साखर यांचे रेणुसूत्र एकच आहे: १२ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ११ ऑक्सिजन. ४५ अणूंची ही बेरीज दोन्हींत तंतोतंत जुळते. तरी एक गोडमिट्ट लागते आणि दुसरीची गोडी जेमतेम जाणवते. एक जवळजवळ सगळ्यांना पचते आणि दुसरी कित्येक प्रौढांच्या पोटाला सोसत नाही. फरक अणूंच्या मांडणीत आहे. ही मांडणी सांगायला संख्या पुरत नाहीत, चित्र काढावे लागते. चित्र काढले की दर्शनशास्त्रातला जुना प्रश्न समोर येतो. जे कधी डोळ्यांना दिसत नाही त्याला रूप देता येते का? दिले, तर ते रूप त्या वस्तूचे, की ते देणाऱ्याच्या बुद्धीचे?

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात धुळे-सोलापूर महामार्गावर वसलेल्या वडीगोद्रीच्या परिसरात या प्रश्नाची उदाहरणे शेतातच उभी असतात. उसातली साखर म्हणजे सुक्रोज. कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, ज्वारीचा दाणा म्हणजे मुख्यतः स्टार्च, आणि मोसंबीची साल पिळल्यावर जो वास हाताला चिकटतो तो बहुतांशी लिमोनीनचा. याच जिल्ह्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. ‘दासबोधा’त सगुणाची उपासना आणि निर्गुणाचा विवेक हे दोन्ही शेजारी शेजारी येतात, आणि एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही. रेणूच्या चित्रांचा विचार करताना ही जोडी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे पडत नाही, हेही पाहावे लागेल.

सेंद्रिय रेणू कागदावर उतरवण्याच्या पद्धती एकाच वेळी जन्माला आल्या नाहीत आणि त्यांतली कोणतीही दुसरीला पूर्णपणे हटवू शकलेली नाही. रेणुसूत्र ही नुसती मोजदाद. इलेक्ट्रॉन-ठिपका संरचनेत बंधातले दोन इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवतात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये इलेक्ट्रॉनच्या जोडीची कल्पना मांडली, तिच्यातून ही रीत आली. ठिपक्यांच्या जोडीऐवजी एक रेघ ओढली की रेषा-संरचना होते. या पद्धती शाळेतल्या विद्यार्थ्याच्या ओळखीच्या असतात. त्यापुढे येते ती सांगाड्याची पद्धत, आणि संशोधक रोज जी वापरतात ती हीच.

सांगाड्याच्या पद्धतीत लिमोनीन असे काढतात: एक षट्कोन, त्याच्या एका बाजूला जोडरेघ, त्या जोडरेघेच्या एका कोपऱ्यातून निघणारी एक आखूड रेघ, बरोबर समोरच्या कोपऱ्यातून निघणारा एक दुफाटा, आणि त्या दुफाट्याच्या एका फांदीवर पुन्हा जोडरेघ. रेणूत १० कार्बन आणि १६ हायड्रोजन असे २६ अणू आहेत आणि चित्रात अक्षर एकही नाही. वाचणारा जिथे रेघ वळते किंवा संपते तिथे कार्बन आहे असे समजतो. मग कार्बनची संयुजा चार, हे लक्षात ठेवून प्रत्येक कोपऱ्याच्या रेघा मोजतो आणि उरलेल्या जागी हायड्रोजन भरतो.

न लिहिलेल्या अक्षरांचे हे वाचन भारतीय प्रमाणशास्त्राला अपरिचित नाही. मीमांसकांनी अर्थापत्ती नावाचे वेगळे प्रमाण मानले आहे. त्याचे ठरलेले उदाहरण देवदत्ताचे: तो दिवसा जेवत नाही, तरी धष्टपुष्ट आहे, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. रात्रीचे जेवण कोणी पाहिलेले नाही, पण ते मानल्याशिवाय पाहिलेल्या गोष्टींची संगती लागत नाही. लिमोनीनच्या सांगाड्यातले १६ हायड्रोजन याच वाटेने कळतात. ते मानल्याशिवाय कार्बनच्या चार संयुजा पुऱ्या होत नाहीत. म्हणून हे चित्र व्यक्तिचित्राच्या जातीचे नाही. ते भाषेच्या जातीचे आहे. त्याला व्याकरण आहे, आणि व्याकरण न शिकलेल्याला त्यात रेघोट्यांपलीकडे काही दिसणार नाही.

या व्याकरणात सर्वांत गूढ गोष्ट म्हणजे रेघ. दोन कार्बनमधली रेघ ही वस्तू आहे का? वैशेषिक दर्शनात परमाणू हे द्रव्य आहे, पण दोन परमाणूंचा संयोग हे द्रव्य मानलेले नाही. तो गुण आहे, आणि तो दोन्ही संयोगी द्रव्यांत राहतो. कणादांना आधुनिक रासायनिक बंध ठाऊक होता असे म्हणणे चुकीचे होईल, तसा दावा करूही नये. पण जोडणे हे जोडल्या जाणाऱ्या वस्तूंसारखेच एक तिसरे काही नसते, हा त्यांचा विवेक आजही कामाचा आहे. विसाव्या शतकात ब्रिटिश सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स कूलसन यांनी आयुष्यभर बंधांचे गणित केले आणि तरीही स्पष्ट सांगितले की रासायनिक बंध ही खरी वस्तू नाही, ती माणसाच्या कल्पनेची निर्मिती आहे. कूलसन मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते आणि विज्ञान व श्रद्धा यांच्या संबंधावर त्यांनी लिहिले. न दिसणाऱ्याविषयी बोलताना शब्द कसे सांभाळून वापरावेत, ही जाणीव त्यांच्या दोन्ही कामांत दिसते.

गंमत अशी की ज्यांनी पहिल्यांदा रेघा ओढल्या त्यांनाही आपण रेणूचे चित्र काढतो आहोत असे वाटत नव्हते. १८५८ मध्ये जर्मनीच्या आउगुस्ट केकुले यांनी कार्बनची चतुःसंयुजा आणि कार्बनच्या साखळ्या मांडल्या. स्कॉटलंडच्या आर्चिबाल्ड कूपर यांनी त्याच वर्षी त्याच कल्पना स्वतंत्रपणे मांडल्या आणि अणू रेघांनी जोडून दाखवले. १८६४ मध्ये अलेक्झांडर क्रम ब्राउन यांनी अणूंची अक्षरे वर्तुळात घालून ती रेघांनी जोडली, आणि बजावले की यातून अणूंचे रासायनिक स्थान कळावे, अवकाशातले नव्हे. कोण कोणाला जोडलेला आहे एवढेच सांगायचे होते, कोण कुठे आहे हे नाही. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आउगुस्ट होफमान यांनी क्रोकेच्या खेळातले रंगवलेले चेंडू सळयांनी जोडून रेणूंचे नमुने दाखवले: कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा. हे रंग आजही बहुतेक तसेच वापरले जातात. ऑक्सफर्डचे बेंजामिन ब्रोडी यांना मात्र अशा चेंडूंचा तिटकारा होता. अणू न मानता केवळ बीजगणिताने रसायनशास्त्र मांडता येईल, असा त्यांचा प्रयत्न होता. धर्माच्या इतिहासात मूर्ती करणारे आणि मूर्ती नाकारणारे यांच्यात जो वाद झाला, त्याचेच हे प्रयोगशाळेतले रूप होते असे म्हणता येईल. ब्रोडी यांचे बीजगणित फारसे पुढे गेले नाही आणि चेंडू टिकले.

ते का टिकले याचे उत्तर १८७४ पासून मिळू लागते. त्या वर्षी नेदरलँड्सचे याकोबस व्हांट हॉफ आणि फ्रान्सचे जोझेफ ल बेल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार टोकांकडे जातात असे मांडले. आता चित्र नुसत्या जोडणीचे राहिले नाही, ते अवकाशाविषयी बोलू लागले. जर्मनीतले ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ हेर्मान कोल्बे यांनी १८७७ मध्ये यावर जळजळीत टीका केली. पशुवैद्यक शाळेत शिकवणारा हा तरुण अचूक संशोधन सोडून कल्पनेच्या घोड्यावर बसला आहे, असा त्यांचा रोख होता. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये मिळाले ते त्याच व्हांट हॉफ यांना. सन्मानापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की त्यांच्या चित्रातून आधी आकडे निघाले आणि प्रयोगाने ते मागाहून तपासले गेले.

ग्लुकोजची कथा याचा सर्वांत मोठा दाखला आहे. ग्लुकोजच्या सरळ साखळीत असे ४ कार्बन आहेत ज्यांना चार वेगवेगळे गट जोडलेले असतात. प्रत्येकाची मांडणी दोन तऱ्हांनी होऊ शकते, म्हणून त्याच जोडणीच्या एकूण १६ शर्करा संभवतात. म्हणजे आरशातल्या प्रतिमांच्या ८ जोड्या. एमिल फिशर यांनी १८९१ मध्ये केवळ रासायनिक प्रयोग आणि तर्क यांच्या बळावर त्या ८ जोड्यांतली एक निश्चित केली. रेणू सपाट कागदावर आडव्या-उभ्या रेघांच्या फुलीसारखा काढण्याची जी रीत आज फिशर प्रक्षेप म्हणून ओळखली जाते, तीही त्यांनी याच काळात वापरली. पण जोडीतला कोणता ग्लुकोज आणि कोणती त्याची प्रतिमा, हे ठरवायला तेव्हा कोणताच मार्ग नव्हता. फिशर यांनी एक बाजू गृहीत धरली. पुढची साठ वर्षे जगभरच्या शर्करांची चित्रे त्या गृहीतावर उभी राहिली. १९५१ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेक्टच्या योहानेस बाइफूट यांनी टार्टारिक आम्लाच्या एका क्षारावर क्ष-किरण टाकून खरी बाजू शोधली. फिशर यांनी धरलेली बाजू बरोबर निघाली.

या एका चित्रात सत्याचे दोन थर एकावर एक आहेत. ८ जोड्यांतली एक निवडणे हे ज्ञान होते. जोडीतली एक बाजू धरणे हा संकेत होता. कागदावर दोन्ही सारख्याच शाईने उमटतात. चित्र पाहून त्यातला कोणता भाग सिद्ध आणि कोणता मानलेला हे सांगता येत नाही, त्यासाठी चित्रामागचा इतिहास माहीत असावा लागतो. संकेत म्हणजे असत्य, असे जे लोक समजतात त्यांनी हे उदाहरण नीट पाहावे. गृहीताची साठ वर्षे वाया गेली नाहीत, कारण ते गृहीत आहे हे जाणकारांना सतत ठाऊक होते.

फिशर यांच्या फुलीत आणखी एक गोष्ट मावत नव्हती. ग्लुकोज बहुतेक वेळ साखळीच्या रूपात नसतोच, तो कडे करून बसतो. इंग्लंडचे नॉर्मन हॉवर्थ यांनी हे कडे तिरक्या दृष्टीने, जवळची कडा जाड करून काढण्याची रीत रूढ केली. कर्बोदके आणि क जीवनसत्त्वावरच्या कामासाठी त्यांना १९३७ चे नोबेल मिळाले. कडे झाले की एका कार्बनवरचा ऑक्सिजन खाली जाईल की वर, असा नवा प्रश्न निर्माण होतो. सरळ साखळीच्या चित्रात हा प्रश्न विचारताच येत नाही. आणि माणसाच्या जगण्याशी याच प्रश्नाचा सर्वांत जवळचा संबंध आहे. ग्लुकोजची कडी ‘खालच्या’ बंधाने एकापुढे एक जोडली की स्टार्च होतो, ‘वरच्या’ बंधाने जोडली की सेल्युलोज. ज्वारीच्या एकाच ताटाच्या कणसात पहिला असतो आणि धाटात दुसरा. दाण्याची भाकरी माणसाच्या अंगी लागते. कडबा खाऊन जगायला बैलाचे पोट लागते, आणि तेही स्वतः सेल्युलोज तोडत नाही, त्यात राहणारे सूक्ष्मजीव तोडतात. एका रेघेची दिशा बदलली की अन्न आणि चारा वेगळे होतात. ही रेघ केवळ संकेत असती तर बैलाच्या आणि माणसाच्या पोटाने तिची दखल घेतली नसती.

पाचरीच्या पद्धतीबद्दलही हेच. भरीव पाचर म्हणजे बंध कागदातून वाचणाऱ्याकडे आलेला, तुटक पाचर म्हणजे कागदामागे गेलेला. कार्व्होन नावाच्या रेणूत एका जागी भरीव पाचर काढली की पुदिन्याचा वास, तुटक काढली की शेपूच्या बियांचा. नाक हा फरक ओळखते, कारण वास घेणारे नाकातले रेणूही एका बाजूचेच आहेत. उसाच्या साखरेत अशा दुहेरी शक्यतेचे ९ कार्बन आहेत, म्हणजे त्याच जोडणीच्या ५१२ मांडण्या संभवतात. ऊस त्यांतली एकच करतो.

बेंझीनपाशी मात्र रेघांचे व्याकरण अडखळते. केकुले यांनी १८६५ मध्ये ६ कार्बनचे कडे सुचवले, त्यात एकेरी आणि दुहेरी बंध आळीपाळीने. तसे असते तर कड्याच्या बाजू आलटून-पालटून लांब आणि आखूड असायला हव्या होत्या. १९२९ मध्ये कॅथलीन लॉन्सडेल यांनी बेंझीनच्या एका संयुगाच्या स्फटिकावर क्ष-किरणांनी काम करून ते कडे सपाट षट्कोनी असल्याचे दाखवले. बेंझीनच्या सहाही बाजू सारख्या, सुमारे ०.१३९ नॅनोमीटरच्या आहेत. नेहमीचा एकेरी बंध ०.१५४ चा आणि दुहेरी ०.१३४ चा, त्यांच्या मधली ही लांबी. लॉन्सडेल पुढे क्वेकर पंथात गेल्या. क्वेकरांची उपासना प्रतिमेशिवाय, बहुधा मौनात चालते. अदृश्य कड्याची खात्रीची आकृती जगाला देणाऱ्या संशोधिकेचा हा धर्म, ही नोंद इथे करावीशी वाटते.

बेंझीन कागदावर कसा काढायचा यावर लायनस पॉलिंग यांनी १९३० च्या दशकात अनुस्पंदनाचा सिद्धान्त मांडला. दोन चित्रे काढायची, दुहेरी बंधांच्या जागा बदलून. त्यांच्यामध्ये दोन टोकांचा बाण द्यायचा. आणि वाचणाऱ्याने समजायचे की रेणू यांपैकी कोणताच नाही. तो एकातून दुसऱ्यात जातही नाही. तो दोन्हींहून वेगळा, कायम एकच आहे. १९५१ मध्ये मॉस्कोत भरलेल्या सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत या सिद्धान्तावर चिद्वादाचा ठपका ठेवण्यात आला. जी रूपे अस्तित्वातच नाहीत त्यांच्यापासून खऱ्या पदार्थाचे गुण काढणे भौतिकवादाला धरून नाही, असा आक्षेप होता. त्यामागच्या राजकीय दडपणाचे समर्थन होऊ शकत नाही. तात्त्विक प्रश्न मात्र पोकळ नव्हता: दोन असत्य चित्रांनी सत्य कसे सांगता येते?

वेदान्तात याचे उत्तर पद्धतीच्या रूपाने तयार होते. अध्यारोप आणि अपवाद: जे थेट सांगता येत नाही त्यावर आधी एक रूप आरोपित करायचे आणि मग ते मागे घ्यायचे. शिष्य आरोपावाचून वाट चालू शकत नाही, आणि अपवादावाचून पोचू शकत नाही. अनुस्पंदनाची दोन चित्रे हा अध्यारोप आहे आणि त्यांच्यामधला बाण हा अपवाद. बाण विसरून चित्रांनाच धरून बसणारा विद्यार्थी बेंझीन दोन रूपांत उड्या मारतो असे समजतो, आणि ही चूक वर्गावर्गांत होते. षट्कोनात वर्तुळ काढण्याची रीत १९२५ पासून आहे. त्यात हा धोका टळतो, पण इलेक्ट्रॉन मोजण्याची सोय जाते, म्हणून अभिक्रिया समजावताना रसायनशास्त्रज्ञ पुन्हा एकेरी-दुहेरी रेघांकडेच वळतात.

यंत्राने हा प्रश्न सोडवला आहे असे कोणाला वाटेल. २००९ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत पेंटासीन या रेणूची प्रतिमा मिळाली आणि तिच्यात ओळीने पाच षट्कोनी कडी स्पष्ट दिसली, अगदी पुस्तकातल्या आकृतीसारखी. शंभराहून अधिक वर्षे काढलेल्या रेघांना हा मोठा दुजोरा होता. पण ती प्रतिमा प्रकाशाची नाही. सुईच्या टोकावर बसवलेला कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू पेंटासीनवरून फिरवताना जाणवलेल्या बलांचा तो नकाशा आहे. बलाची रेघ आणि बंधाची रेघ एकच आहे का, हा प्रश्न तिथेही उरतोच.

त्याहून खोल प्रश्न पुंजयामिकीने उभा केला आहे. साखरेच्या रेणूचे संपूर्ण समीकरण लिहिताना त्यात फक्त अणुकेंद्रके आणि इलेक्ट्रॉन येतात. उसाच्या आणि दुधाच्या साखरेत ते सारखेच आहेत, म्हणून त्यांचे समीकरणही एकच होते. मग दोन साखरा वेगळ्या कशा? व्यवहारात केंद्रके एका जागी स्थिर धरून गणित करतात. माक्स बोर्न आणि रॉबर्ट ओपेनहायमर यांनी १९२७ मध्ये ही वाट घालून दिली. पण ती कुठे स्थिर धरायची हे बहुधा रसायनशास्त्रज्ञाच्या चित्रावरूनच ठरते. १९७८ मध्ये आर. जी. वूली यांनी रेणूला आकार असलाच पाहिजे का, असा प्रश्न एका लेखाच्या शीर्षकातच विचारला. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. मुळाशी रूप नाही आणि व्यवहारात रूपावाचून पाऊल पुढे पडत नाही, ही स्थिती सगुण-निर्गुणाच्या चर्चेत वाढलेल्या वाचकाला परकी वाटणार नाही.

तरी साम्य इथेच थांबवायला हवे. भक्तासमोरची मूर्ती नुसती खूण नसते; प्राणप्रतिष्ठा झालेल्या मूर्तीत भक्त देवालाच पाहतो, आणि ते नाते कुठल्या प्रयोगाने मोडत नाही, मोडावे अशी अपेक्षाही नसते. रसायनाच्या चित्राला असा मान नाही. स्फटिकावरचा एक क्ष-किरण त्याला खोटे ठरवू शकतो आणि ठरले तर ते बदलावे लागते. दोन्ही रूपे अदृश्याकडे नेतात, पण एक शरणागती मागते आणि दुसरे तपासणी. त्यांची सरमिसळ केली तर श्रद्धेचीही हानी होते आणि विज्ञानाचीही. संतवाङ्मयात रेणूचे ज्ञान शोधणारे आणि रेणूच्या चित्राला अंतिम सत्य मानणारे, दोघांकडून ही सरमिसळ होते.

रेणूचे चित्र खरे असते ते एका प्रश्नापुरते. कोण कोणाला जोडलेला आहे, एवढे विचारले तर सांगाडा पुरतो. बाजू विचारली तर पाचर लागते, कड्यातली दिशा विचारली तर हॉवर्थची तिरकी आकृती. त्या प्रश्नापुरते ते पूर्ण खरे असते, कारण नाक, पोट आणि क्ष-किरण त्याची साक्ष देतात. प्रश्नाबाहेर नेले की तेच चित्र दिशाभूल करते. म्हणून शाळा-महाविद्यालयांतल्या रसायनाच्या शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते: फळ्यावर कोणतीही संरचना काढल्यावर ती काय सांगते याबरोबर काय गाळते, हेही त्याच तासाला सांगावे, आणि परीक्षेत त्यावर एक प्रश्न विचारावा.